सिस्टरचा सांगावा

सिस्टरबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. शाळेच्या अंकासाठी मागणी झाली तेव्हा डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं. विहारातल्या पोरांनी दोन शब्द बोला म्हटलं तेव्हा घसा बसला होता. तो खरंच बसला होता, पण सर्दीनं नव्हे. सिस्टरबद्दल थोडंसं, गोड गोड असं मला सांगता येत नाही. सुरुवात केली की शेवटापर्यंत जावं लागतं, आणि शेवटी मी उभा आहे.

तर आधी सुरुवात.

सिस्टर भेटल्या की तोंडानं 'जय भीम' म्हणत, पण हात वेगळंच काम करायचा. समोरच्याचं मनगट धरायचं, दोन बोटं नाडीवर, नजर आपल्या घड्याळावर, आणि मग निकाल: "चालू हाय." आपण नमस्काराला हात जोडले की त्यातला एक त्या काढून घेत. तुमच्यापैकी जे अमडापूरकडचे आहेत त्यांचं मनगट एकदा तरी त्यांच्या हातात गेलेलं असणार. एका झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्या पुढाऱ्याचंही त्यांनी व्यासपीठावर मनगट धरलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "साहेब, नाडी लय पळून राह्यली. भाषण लहान करा." साहेबांनी घाबरून खरोखरच लहान केलं. उन्हात बसलेल्या पोरांनी त्या दिवशी सिस्टरला जेवढा दुवा दिला तेवढा कुणाला दिला नसेल.

सिस्टर म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स. मूळच्या बीबी गावच्या. नोकरीनं अमडापुरात आल्या आणि इथल्याच झाल्या. घर माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. निम्मं गाव त्यांच्या हातून जन्माला आलेलं, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत. कुणी जरा आवाज चढवला की एकच वाक्य: "तू माह्या हातचा हायेस बे!" सरपंच एकदा नळाच्या वेळेवरून त्यांच्याशी वाद घालायला लागला. सिस्टरनं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू जलमाले आला तवा पाय आंधी आले होते. तवापासून तुहं सारं उलटंच हाय." पुढं सरपंचानं त्यांच्यासमोर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

मला मात्र त्या 'तुमी' म्हणत. मी वडनेर भोलजीचा, मास्तर म्हणून इथं आलेला. "तुमी माह्या हातचे नाई ना, म्हून अदबीनं बोला लागते," असं वर ऐकवीत.

त्यांचा एक राग मात्र थट्टेतला नव्हता. आमच्याकडं एक रीत आहे. बाहेरगावच्या माणसाला मरणाची बातमी फोनवर सरळ सांगत नाहीत. माणूस गेलेलं असतं, पण सांगायचं, "तब्येत जास्त आहे, निघून ये." वाटेत त्याला काही होऊ नये, म्हणून. हेतू चांगलाच. पुण्याला कंपनीत असलेल्या एका मुलाला असाच फोन गेला. तो सकाळी फाट्यावर उतरला तेव्हा त्याच्या हातात सफरचंदांची पिशवी होती. वडिलांसाठी. घरासमोर मांडव आणि माणसं दिसल्यावर तो तसाच उभा राहिला. पिशवी कुणी त्याच्या हातातून घेईना, तो ती ठेवीना.

सिस्टरनं ती पिशवी घेतली, त्याला बसवलं, पाणी पाजलं. मग त्याच्या चुलत्याकडं वळल्या.

"पोरगं सफरचंद घेऊन आलं ना बे, मेलेल्या बापासाठी! खरं काऊन नाई सांगत तुमी?"

"धक्का बसला असता, सिस्टर."

"मंग आता काय गुदगुल्या झाल्या त्याले?"

त्यांची स्वतःची पद्धत वेगळी होती. जुन्या काळी शेतातल्या माणसाला अशी खबर द्यायला लोक त्यांनाच पाठवत. त्या त्याला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसवून म्हणत, "पानी पे. पेलं? आता आयक. तुही माय गेली." आणि रडणं ओसरेपर्यंत हात सोडत नसत. खोटं सांगत नसत. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

मी भूगोलाचा मास्तर. नोकरीभर फळ्यावर लोकसंख्येचे मनोरे काढले. खाली रुंद, वर निमुळता, तो आपला. खाली निमुळता, वर रुंद, तो जपानचा. पोरं म्हणायची, "सर, हा तर भवरा झाला." मी म्हणायचो, भवराच आहे, लहान मुलं कमी झाली की देश असा टोकावर उभा राहतो. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. पोरं आकृती काढून गुण घ्यायची आणि विसरून जायची.

निवृत्त झालो आणि माझ्या डोळ्यांदेखत ती आकृती फळ्यावरून खाली उतरली. पूर्वी परदेशी शिकायला जाणारी मुलं मोठ्या नावाच्या विद्यापीठांकडं बघायची, आणि ती मुलं आमच्या गावची नसायची. आता वारं फिरलं. ज्या देशांत पाळणे हलेनासे झाले, शाळांना कुलुपं लागली, कॉलेजातली बाकं रिकामी राहू लागली, त्या जपाननं, जर्मनीनं, कोरियानं आपली दारं उघडली. आमची भाषा शिका, आमच्याकडं शिका, शिकता शिकता काम करा, आणि मग इथंच राहा. पूर्वी मुलं तरुणांच्या देशात शिकायला जात, आता म्हाताऱ्यांच्या देशात जाऊ लागली. मी शाळेतल्या एका खोलीत पालकांना आणि मुलांना ही माहिती द्यायला सुरुवात केली. फुकट. नकाशा टांगायचा, मनोरा काढायचा, समजावून सांगायचं. 'मग इथंच राहा' हे शेवटचं वाक्य मात्र मी जरा हळू आवाजात म्हणायचो.

सिस्टर एका सभेला मागं बसून सगळं ऐकत होत्या. सभा संपल्यावर म्हणाल्या, "म्हंजे मास्तर, तिकडं म्हातारे लय झाले अन् पोरं नाई, म्हून आपल्या पोरी पाह्यजेत?"

"हो, तसंच."

"अन् मंग इकडच्या म्हाताऱ्याइचं?"

"आपल्याकडं तरुणांची काय कमी आहे, सिस्टर?"

"चाला, आपल्या गल्लीत दाखवा मले एक."

आम्ही चालत गल्लीपर्यंत आलो. पुष्कळ घरांना कुलुपं. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाचा सुरतेला. माझाही पुण्यालाच. गल्लीत त्या वेळी फक्त एक बकरी आणि तिचा मालक होते, दोघंही वयस्कर. सिस्टर माझ्याकडं बघून हसल्या.

तरीही त्यांनी आपली नात पाठवली. सर्वांत आधी त्यांनीच पाठवली.

नात आम्रपाली, घरात आमू. सिस्टरची एकुलती मुलगी हिच्या जन्मानंतर काविळीनं गेली. जावयानं दुसरं घर केलं. आमूला सिस्टरनंच वाढवलं. उपकेंद्राच्या पायरीवर बसून अभ्यास करणारी, कुणाला जखम झाली की पट्टी धरणारी ती मुलगी बारावीनंतर माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सर, मले जपानले जायचं हाय. तिथं म्हाताऱ्या माणसांची सेवा शिकवणारं कॉलेज आहे म्हणता ना तुम्ही?" आधी वर्षभर भाषा, मग दोन वर्षं ते कॉलेज आणि शेवटी तिथली सरकारी परीक्षा, असा तो रस्ता होता.

मला वाटलं सिस्टर आडव्या येतील. त्यांनी एवढंच विचारलं, "थो बुद्धाचाच देश हाय ना?"

"हो, पुष्कळ लोक बौद्ध आहेत."

"मंग कायची भीती? आपल्याच घरी चालली."

त्यांच्या मनातला जपान आपल्या विहारासारखा होता. पांढरी वस्त्रं, सकाळी वंदना, सगळे एकमेकांना जय भीम म्हणतायत. पुढं आमूनं फोनवर सांगितलं, "आजी, इथं जय भीम कोनी म्हनत नाई." सिस्टर म्हणाल्या, "तू म्हनत जाय. शिकतीन हळूहळू."

जाण्याआधी त्यांनी आमूची तयारी करून घेतली, आणि त्या तयारीला माणूस म्हणून मला निवडलं. अंगणातल्या बाजेवर मला झोपवलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस कशी बदलून द्यायची, चादर कशी काढायची, उठवून बसवताना खांदा कसा धरायचा, हे सगळं माझ्यावर.

"मास्तर, ढिले पडा."

"ढिलाच आहे मी."

"कायचे ढिले? तुमी मदत करून राह्यले. खरं म्हातारं मानूस मदत करत नाई. मेल्यासारखे पडा."

मी मेल्यासारखा पडलो. आमूनं मला कुशीवर वळवलं आणि मी बाजेवरून थेट अंगणात. आमू हसून हसून खाली बसली. सिस्टर न हसता म्हणाल्या, "हा पेशंट गेला. दुसऱ्याले आना." कुंपणापलीकडून पाहणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून पळाल्या. आमूच्या घरातलं हसणं म्हटलं की मला तीच दुपार आठवते. तशी दुपार पुन्हा आली नाही.

आमू गेली. बरोबर शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या बिबड्या, आणि आजीनं शिवलेली गोधडी.

सिस्टरचा फोन साधा होता, म्हणून दर रविवारी संध्याकाळी त्या माझ्या ओसरीवर यायच्या. माझ्या फोनवर आमू दिसायची. त्यासाठी सिस्टर धुतलेलं पातळ नेसून, केस विंचरून येत. आपण दिसतो म्हटल्यावर नीट दिसायला नको का? आमूनं विचारलं, "आजी, कशी हायेस?" की उत्तर ठरलेलं: "मस्त हावो. मले काय होते?"

आमू शिकता शिकता एका वृद्धाश्रमात काम करायची. तिथली एक आजीबाई तिला आपली मुलगी समजून हाक मारते, असं तिनं सांगितलं. सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. "तिले सांग, तुले आजी हाय म्हना." पुढच्या रविवारी मात्र स्वतःच पहिला प्रश्न: "थे तुही बुढी जेवली का?" मग दर रविवारी तिची चौकशी. तिचे पाय सुजतात कळल्यावर पायाखाली उशी ठेवायला सांगितलं. ती वारली तेव्हा आमूनं सरळ सांगितलं, "आजी, ती गेली. काल सकाळी." न पाहिलेल्या बाईसाठी सिस्टरनं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तू होती ना जवळ? मंग झालं."

दोन-अडीच वर्षं अशी गेली. मग एका दिवाळीनंतर सिस्टरला दम लागायला लागला. बुलढाण्याच्या डॉक्टरनं हृदय मोठं झाल्याचं सांगितलं. "आता मोठं होऊन काय फायदा," त्या म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर." मागच्या गल्लीतून माझ्या ओसरीपर्यंत येताना त्या मध्ये एका ओट्यावर बसायला लागल्या. पाणी भरणं शेजारीण करायची. रविवारी फोनवर मात्र "मस्त हावो".

एका दुपारी त्या एकट्याच आल्या. रविवार नव्हता. बसल्या, दम खाल्ला.

"मास्तर, एक सांगावा द्या लागते तुमाले. आमूले."

"रविवारी तुम्हीच सांगा की."

"माह्यानं नाई होत ना बाप्पा. तिचं तोंड दिसलं की माह्या तोंडून 'मस्त हावो'च निंगते." मग बोट वर करून म्हणाल्या, "पन तब्येत जास्त हाय असं म्हनू नका हं. तसं म्हटलं की पोरगी समजन म्या मेली. साफ सांगा. आजी जिती हाय, जेवते, बोलते. पन आता एकलीच्यानं होत नाई. परीक्षेची वाट नको पाहू म्हना. परीक्षा काय, पुढच्या सालीही येते. एकडाव येऊन जाय म्हना."

मी त्यांना कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. हो म्हणालो.

येत्या रविवारी शाळेच्या खोलीत सभा होती. तिथल्या कॉलेजांच्या प्रवेशाची वेळ जवळ आली होती आणि गावातल्या, आसपासच्या बऱ्याच मुलींचे पालक काठावर उभे होते. त्यांच्यासाठी मी आमूला पडद्यावर आणायचं ठरवलं होतं. खोली भरली. पहिल्या रांगेत सिस्टर, धुतलेल्या पातळात. आमू पडद्यावर आली आणि जपानीत चार वाक्यं बोलली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आईनं विचारलं, "पोरी, तिकडं एकलं नाई वाटत काय?"

आमू म्हणाली, "वाटते ना, काकू. पन आजी हाय फोनवर. अन् आजीजवळ सर आहेत."

लोकांनी माझ्याकडं पाहिलं. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली.

सभा संपल्यावर मी फोन घेऊन बाजूला व्हरांड्यात गेलो. सांगावा द्यायला. आमू आनंदात होती. "सर, किती जनी येणार? मी सगळ्यांले घ्यायले जाईन विमानतळावर." मी आत पाहिलं. बाप माणसं नकाशाभोवती उभी होती. एक जण बोटानं जपान शोधत होता. पहिली गेलेली मुलगीच परीक्षा टाकून परत आली, तर उद्या यातलं कोण मुलीला पाठवणार? नोकरीभर मी फळ्यावर जे काढलं होतं ते पहिल्यांदा माझ्या हातून घडत होतं. दोन महिन्यांचा तर प्रश्न, असं मी मनाशी म्हणालो. आणि आमूला म्हणालो, "पुष्कळ जणी येतील. तू नीट अभ्यास कर."

आत आलो. सिस्टर वाट पाहत होत्या.

"सांगतलं?"

"सांगितलं. परीक्षा झाली की येते म्हणाली."

त्यांनी पातळाचा पदर नीट केला.

"झाली की?" त्यांनी विचारलं. "बरं. तिचं तिले समजते."

एवढंच. यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र पाहत होतो. त्यांनी आमूच्या बाजेची नवार नवी करून घेतली. शेजारणीच्या हातानं भिंतीला चुना मारून घेतला. रविवारी फोनवर विचारायच्या, "परीक्षा कवा हाय व?" आमू सांगायची आणि सिस्टर मान हलवायच्या. तिला ठाऊक आहे, ती निवड करून बसली आहे, असं समजून त्या एक शब्द कमी बोलायच्या. आमूला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून ती नेहमीसारखी हसायची. दोघींच्या मध्ये फोन धरून मी बसलेला असायचो.

परीक्षेच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, शेजारीण धावत आली. मी गेलो तेव्हा सिस्टर बाजेवर होत्या आणि सगळं संपलेलं होतं. बायका जमल्या. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आमूले फोन लावा."

लावला. तिथं दुपार होती. ती वाचनालयात होती, कुजबुजत बोलली, मग बाहेर आली. मी म्हणालो, "आमू, आजीची तब्येत जास्त आहे."

हो. तेच म्हणालो. सफरचंदांची पिशवी मी पाहिलेली होती, तरी म्हणालो. गेली म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, आधी का नाही कळवलं?

इकडच्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ लागला असता. पण ती तीन वर्षं जिथं राहिली होती तिथं मरण सरळ शब्दांत सांगायचं तिला शिकवलेलं होतं. तिनं शब्दांवर विश्वास ठेवला. दम किती लागतो, ओठ निळे आहेत का, असं भराभर विचारलं. मग म्हणाली, "सर, तिच्या कानाले फोन लावा. बोलता येत नसलं तरी तिले ऐकू येईल. शेवटपर्यंत ऐकू येते माणसाले, आम्हाले शिकवलं आहे."

खोलीत बायका होत्या. मी बाजेजवळ बसलो आणि फोन सिस्टरच्या कानाशी धरला.

आमू बोलत होती. मला सगळं ऐकू येत होतं. "आजी, भिऊ नको. मी हावो. उशी उंच घे. रविवारी परीक्षा हाय, तू म्हनशील तं आत्ता निंगतो. नाई तं रविवारी रातच्यालेच निंगतो. तू सांग. बोट हालव. सर, बोट हाललं का तिचं?"

बायकांनी भिंतीकडं तोंडं केली.

मी म्हणालो, "तिनं ऐकलं. परीक्षा दे म्हणते."

दुपारी बीबीहून भाचे आले आणि सिस्टरला स्मशानात नेलं. गावात मी सांगून ठेवलं, मुलीची परीक्षा आहे, कुणी तिला फोन करू नका. लोकांनी ऐकलं, आणि तब्येत जास्त आहे म्हटल्यावर तिला समजलंच असणार, तरी ती येत नाही, असा अर्थ काढला. तोवर आमूचा फोन आला की आजी झोपली आहे म्हणायचो. रविवारी संध्याकाळी मी आमूला आजी गेल्याचं सांगितलं. केव्हा गेली, तेही खोटंच सांगितलं, आणि आता सगळं आटोपलं आहे, निकाल लागल्यावरच ये म्हणालो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, विहारात सिस्टरसाठी लोक जमले तेव्हा, सरपंच उभा राहिला. रडत होता. म्हणाला, "जिनं आमाले जग दाखवलं, तिच्याजवळ शेवटी तिचं सोताचं कोनी नव्हतं. नात परदेशातल्या म्हाताऱ्याइचे पाय दाबत होती. आजी गेली तरी परीक्षा देत बसली." माना हलल्या. मी पहिल्या ओळीत सतरंजीवर होतो. उठून दोन वाक्यं बोलायची होती. उठलो नाही. त्या सभेतल्या काही पालकांनी मग मुली पाठवल्याच नाहीत. पोरगी तिकडं गेली की दगडाची होते, म्हणाले. ज्या गोष्टीसाठी मी सांगावा दाबला, तीही अशी गेली.

म्हणून आता लिहितो. गावानं ऐकावं. आमूला माहीत नव्हतं. आजी बोलावते आहे हे तिला कुणी सांगितलं नाही, आजी गेली हेही सांगितलं नाही. दोन्ही वेळा सांगायचं काम माझं होतं. हे छापून आलं तर आमूही वाचेल, आणि आजीनं आपलं बोलणं ऐकलं एवढं जे तिच्याजवळ उरलं आहे, तेही मी काढून घेईन. हे मला कळतं. त्यापायीच इतकी वर्षं गेली. पण ते उरलेलं तरी मीच दिलेलं आहे, आणि खोटं आहे.

सिस्टर गेल्यावर मला रविवारची संध्याकाळ काढता येत नाही. ओसरीवर दोन खुर्च्या ठेवायची सवय मोडायला फार दिवस लागले. गावात आता नवी नर्स आहे, चांगली मुलगी आहे, यंत्रानं तपासते. कुणी कुणाला 'माह्या हातचा' म्हणत नाही.

आमू आली होती. परीक्षा पास होऊन, नोकरीवर हजर होण्याआधी, उन्हाळ्याच्या तोंडाशी. जेमतेम दोन दिवस. गावातले लोक तिच्याशी फारसे बोलले नाहीत. ती घर झाडत होती, भांडी घासून पालथी घालत होती. निघायच्या दिवशी माझ्या ओसरीवर आली. जाड झाली नव्हती, बारीकही नाही, फक्त मोठी दिसत होती.

"सर, एक विचारू? आजी कधी म्हटली नाई का तुमाले, आमूले बोलवा म्हणून?"

पाण्याचा पेला माझ्या हातात होता.

"मले वाटायचं एकदा तरी म्हणेल," ती म्हणाली. "दर रविवारी वाट पाहायचो मी. म्हटलं असतं तं तशीच निंगालो असतो. परीक्षा गेली असती चुलीत."

मी म्हणालो, "नाही गं. ती म्हणायची, शिकू द्या पोरीला."

तिनं मान हलवली. डोळे पुसले. मग खाली वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. "त्या दिवशी तुम्ही फोन कानाले लावला, सर. तेवढ्यावर मी जगून राह्यलो."

चिखलीला जाणारी ऑटो आली. ऑटोवाल्या पोरानं तिची बॅग मागं टाकली. ती बसली. मी ऑटोच्या दांडीला धरून उभा राहिलो. वाक्य तयार होतं. कितीतरी दिवस तयार होतं, रोज सकाळी मी ते मनात म्हणून पाहत होतो. आमू, मला माफ कर, तिनं तुला बोलावलं होतं. ऑटोवाल्यानं वळून पाहिलं. आमूनंही पाहिलं.

"काही सांगायचं होतं का, सर?"

मी दांडी सोडली.

"पोचलीस की फोन कर," मी म्हणालो.